फाशांचे खेळ व साधननिवड

फाशांचे खेळ व साधननिवड : फासे, कवड्या किंवा तत्सम वस्तू टाकून पडणाऱ्या दानानुसार जे खेळ खेळले जातात, त्यांस सामान्यपणे फाशांचे खेळ म्हणतात. दान पडेपर्यंत सर्व काही दैवाधीन असते. ते पडल्यानंतर कोठे व कशासाठी वापरावयाचे, हे मात्र अनेक खेळांत खेळाडूच्या हाती राहते. या दुसऱ्या भागाचा विस्तार कसकसा होत गेला, हा फाशांच्या खेळांच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय. प्राचीन द्यूतात अशी मोकळीक जवळजवळ नव्हती. सारीपाटात ती सोंगटी निवडण्यापुरती आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेले भूमिकाखेळ व त्यांतून निघालेले संगणकीय खेळ यांत ती फासा टाकण्याच्याही आधी सरकली : कोणते शस्त्र, कोणते चिलखत, कोणती उपकरणे जवळ बाळगावयाची, हे ठरवून खेळाडू पुढे पडणाऱ्या दानाचे मोल आधीच निश्चित करू लागला.

भारतातील फाशांची परंपरा अतिशय जुनी आहे. मोहें-जो-दडो व हडप्पा येथील उत्खननांत घनाकृती फासे मिळाले आहेत. आजच्या फाशावर समोरासमोरील दोन बाजूंची बेरीज सात येते. मोहें-जो-दडोच्या बऱ्याच फाशांवर मात्र एकासमोर दोन, तिनासमोर चार व पाचासमोर सहा अशी ठिपक्यांची मांडणी आढळते. वैदिक काळातील ‘अक्ष’ म्हणजे बेहड्याची फळे. त्यांच्या राशीतून काढलेल्या फळांस चाराने भागून उरणाऱ्या शेषावरून कृत, त्रेता, द्वापर व कली ही दाने ठरत, असे अभ्यासक मानतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात सर्वस्व गमावलेल्या जुगाऱ्याचा शोक आला असून, फाशांचा नाद सोडून शेती करावी, असा उपदेश त्यास केलेला आहे. या खेळात निवड अशी फारशी नव्हतीच. होते ते राशीकडे पाहून अचूक मोजणीचे कसब. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात याच कसबाला ‘अक्षहृदय’ म्हटले आहे. राज्य हरलेला नल बाहुक नावाने सारथी होतो. राजा ऋतुपर्ण वाटेतील बेहड्याच्या झाडाची पाने व फळे एका दृष्टिक्षेपात मोजून दाखवितो. आणि नल आपली अश्वविद्या देऊन त्याच्याकडून अक्षविद्या घेतो. पुढे पुष्कराशी तो पुन्हा खेळतो, तेव्हा फासे तेच असतात. नलाजवळचे साधन मात्र बदललेले असते.

कौटिलीय अर्थशास्त्रात द्यूत एकाच ठिकाणी, राजपुरुषाच्या देखरेखीखाली चालावे, फासे त्यानेच पुरवावेत, कपट करणाऱ्यास दंड व्हावा आणि जिंकलेल्या द्रव्याच्या शेकडा पाच भाग राज्याने घ्यावा, अशी व्यवस्था सांगितली आहे. खेळाचे साहित्य शुद्ध असावे, ही काळजी तेथे स्पष्ट दिसते. खेळाडूचे कौशल्य कोठे सुरू होते, या प्रश्नात मात्र ग्रंथकार शिरत नाही.

महाराष्ट्रात फाशांच्या खेळाची सर्वांत ठळक जुनी साक्ष वेरूळच्या लेण्यांत मिळते. रामेश्वर (क्र. २१), रावण की खाई (क्र. १४) व धुमार लेणे (क्र. २९) यांत शिव-पार्वतींची द्यूतक्रीडा कोरलेली असून ही शिल्पे सामान्यतः सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यानची मानली जातात. मराठी गद्यातही हा विषय अगदी आरंभापासून येतो. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सराळे येथील म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरांच्या पूर्वायुष्याची हकीकत आहे. भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव द्यूतात हरतो, देणे फेडण्यासाठी पत्नी कमळाइसा हिच्याकडे दागिने मागतो आणि ती ते नाकारते. पिता कर्ज फेडतो खरा. पण त्या नकाराने आलेल्या विरक्तीतून हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने घर सोडतो. एका पंथाच्या स्थापनेची कथा अशा रीतीने जुगाराच्या देण्यापाशी येऊन भिडते. त्या काळी घरातील स्त्रीधन हेच शेवटचे पणाला लावण्याजोगे धन असे, हेही या प्रसंगातून कळून येते.

लोकपरंपरेत हाच विषय निराळ्या रंगाने आलेला आहे. भीमा व सीना या नद्यांच्या खोऱ्यांतील कर्जत, जामखेड, श्रीगोंदे या भागांत धनगर समाजाची वस्ती मोठी असून खंडोबाची उपासना तेथे घरोघर आढळते. वाघ्या-मुरळींच्या जागरणात गाइल्या जाणाऱ्या कथेत खंडोबा म्हाळसेशी सारीपाट खेळतो, पैज हरतो आणि ठरल्याप्रमाणे बारा वर्षे घराबाहेर पडून बाणाईच्या वाड्यावर मेंढ्या राखतो. डाव हरण्यात देवाचीच इच्छा होती, असे कथेकरी सुचवितात. पांडवांचा व नलाचा वनवास हा अनर्थ आहे. खंडोबाचा वनवास हा मनाजोग्या दानासाठी स्वीकारलेला मार्ग आहे. मराठी धनगरी कथेने द्यूतकथेला दिलेले हे वळण लक्षणीय आहे.

सारीपाट : या खेळाचा पट क्रुसाच्या आकाराचा व बहुधा कापडी असतो. त्याच्या चार बाहूंवर प्रत्येकी तीन उभ्या ओळींत आठ-आठ घरे, म्हणजे एकूण ९६ घरे असतात. चार रंगांच्या चार-चार मिळून १६ सोंगट्या मध्यघरातून निघून पटाला फेरी घालून परत मध्यघरात न्यावयाच्या असतात. अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत वर्णिलेला चौपड हा मूलतः हाच खेळ होय. फासे घनाकृती नसून लांबट व चार पैलूंचे असतात आणि त्यांवर एक, दोन, पाच व सहा एवढीच दाने असतात. तीन व चार नसलेल्या या फाशाचे सरासरी दान घनाकृती फाशाप्रमाणेच साडेतीन येते. परंतु मधली दाने वगळल्यामुळे त्याचा कल टोकांकडे राहतो व खेळात चढउतार अधिक होतात. तीन फाशांच्या एकूण ६४ प्रकारच्या पडण्यांत दोन षटके व एक पौ असे ‘पौबारा’ तीनच प्रकारे पडते, म्हणजे सरासरीने एकवीस-बावीस खेपांत एकदा. भाग्य उघडण्याला मराठीत पौबारा म्हणतात, ते या दुर्मिळतेला धरूनच.

सारीपाटाचे खरे वैशिष्ट्य दान पडल्यानंतर दिसते. तिन्ही फाशांची दाने एकाच सोंगटीस लावावयाची की वेगवेगळ्या सोंगट्यांना वाटावयाची, हे बहुतेक ठिकाणच्या प्रघातानुसार खेळाडू ठरवितो. एकाच रंगाच्या दोन सोंगट्या एका घरात आल्या की त्यांचे ‘जुग’ होते व ते एकट्या सोंगटीकडून मारले जात नाही. पुढे धावणारी सोंगटी लवकर पोहोचते, पण एकटी सापडते. जुग सुरक्षित असते, पण हळू सरकते. कसलेला खेळाडू मोठ्या दानाची वाट पाहत नाही. जवळपास कोणतेही दान आले तरी काहीतरी उपयोगी चाल निघेल, अशा बेताने तो आपल्या सोंगट्या पटावर पसरून ठेवतो. पुढील काळातील साधननिवडीचे तत्त्व बीजरूपाने येथे आहे.

याच्या अगदी उलट टोकाला मोक्षपट येतो. सद्गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे सर्प असलेल्या या पटाचे कर्तृत्व परंपरेने ज्ञानदेवांकडे दिले जाते. ज्ञानेश्वरी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवासे येथे, म्हणजे याच जिल्ह्यात लिहिली गेली, मोक्षपटाविषयीच्या परंपरेला मात्र समकालीन आधार नाही व उपलब्ध पट बहुतांशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील आहेत. यॉकोब श्मिट-मॅडसेन या डॅनिश अभ्यासकाने पश्चिम भारतातील अशा पटांवर कोपनहेगन विद्यापीठास २०१९ मध्ये प्रबंध सादर केला. कवड्यांचे दान पडेल तितकी घरे जाणे एवढेच मोक्षपटात खेळाडूच्या हाती असते. सद्गुण निवडण्याची सोय त्यात नाही, तो केवळ वाट्यास येतो. नीतिशिक्षणाच्या साधनात निवडीला जागा नसावी, ही विसंगती खरी. परंतु कर्मविपाकाची कल्पना बिंबविण्यास हीच रचना सोयीची होती, असे दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये गेलेला हा पट ‘सापशिडी’ होऊन परतला, तेव्हा त्यातील तत्त्वज्ञान गळून पडले होते आणि निव्वळ दान उरले होते.

युद्धखेळ व भूमिकाखेळ : फाशाला साधनाशी जोडण्याची कल्पना यूरोपातील लष्करी शिक्षणातून आली. प्रशियात राइसविट्स पिता-पुत्रांनी १८१२ ते १८२४ या काळात विकसित केलेल्या युद्धखेळात नकाशावर ठोकळे मांडून लढाई खेळली जाई व गोळीबाराचा परिणाम फाशांनी ठरे. शस्त्राचा प्रकार, अंतर व भूमी यांनुसार परिणाम बदलत असे. अमेरिकेत अशा खेळांच्या हौशी मंडळींतून गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ प्रसिद्ध केला. त्यात खेळाडू योद्धा, मांत्रिक अशा एखाद्या पात्राची भूमिका घेऊन काल्पनिक भुयारांत उतरतो. मूळ नियमांत खंजीर असो वा मोठी तलवार, सर्वांच्या घावासाठी सहा बाजूंचा एकच फासा होता; त्यामुळे शस्त्राच्या निवडीला फारसा अर्थ नव्हता. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने शस्त्रागणिक वेगळा फासा नेमून दिला. या वरवर क्षुल्लक दुरुस्तीनंतर शस्त्र निवडणे म्हणजे फासा निवडणे, असा अर्थ झाला. फाशांच्या खेळांच्या इतिहासातील हा एक महत्त्वाचा टप्पा मानावयास हरकत नाही.

रोग व त्याची परंपरा : सांता क्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मायकेल टॉय व ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी १९८० च्या सुमारास ‘रोग’ हा संगणकीय खेळ तयार केला, पुढे बर्कली येथे केन आर्नल्ड त्यांना मिळाला. (हे नाव लुच्चा, भामटा या अर्थाचा इंग्रजी शब्द असून मराठी ‘रोग’ शब्दाशी त्याचा संबंध नाही.) १९८३ च्या सुमारास बर्कलीच्या युनिक्स प्रणालीबरोबर वाटला गेल्याने तो अनेक विद्यापीठांत पोहोचला. पडद्यावर चित्रे नसत. भुयाराच्या भिंती रेघांनी, खेळाडू एका चिन्हाने व २६ प्रकारचे शत्रू २६ इंग्रजी अक्षरांनी दाखविलेले असत. सव्विसाव्या मजल्यावरून वा त्याखालून ‘येंडॉरचा ताईत’ घेऊन वर परतावयाचे, हे उद्दिष्ट. प्रत्येक डावात भुयाराची रचना नव्याने होते आणि पात्र मेले की डाव पहिल्यापासून मांडावा लागतो. या दोन लक्षणांमुळे या जातीच्या सर्व खेळांना पुढे ‘रोगलाईक’ म्हणजे रोगसदृश हे नाव मिळाले. ‘हॅक’, ‘मोरिया’ व १९८७ चा ‘नेटहॅक’ हे या परंपरेतील आरंभीचे प्रसिद्ध खेळ होत.

रोगमध्ये फासे डोळ्यांना दिसत नाहीत. संगणक ते आत टाकतो. त्याच्या नंतरच्या आवृत्तीत गदेचा घाव चार बाजूंच्या दोन फाशांनी, लांब तलवारीचा तशाच तिहींनी व दोहाती तलवारीचा चौहींनी ठरतो. म्हणजे त्यांचे सरासरी घाव अनुक्रमे पाच, साडेसात व दहा. एवढ्यावरून पाहता निवड सोपी वाटेल. प्रत्यक्षात ती तशी नाही, कारण सापडलेल्या वस्तूंचे गुण झाकलेले असतात. काढ्यांची ओळख केवळ रंगावरून, मंत्रपत्रांची निरर्थक शब्दांवरून. आणि कोणता रंग कशाचा, हे दर डावात बदलते. अंगावर चढविलेले चिलखत शापित निघाले, तर ते उतरत नाही. बहुतेक अंगठ्या काही शक्ती देतात, पण भूकही वाढवितात व अन्न तर मोजके असते. चिलखतांमध्ये चामड्याचे सर्वांत दुबळे. मात्र धातूच्या चिलखतास गंज चढविणाऱ्या शत्रूपुढे तेच टिकते. म्हणून ‘सर्वांत चांगले चिलखत कोणते’ या प्रश्नाचे रोगमध्ये एकच एक उत्तर देता येत नाही. कोणत्या मजल्यावर, किती अन्न शिल्लक असताना, कोणत्या शत्रूच्या आधी, हे विचारल्यावरच ते देता येते.

अलीकडच्या काही खेळांनी लपलेला फासा पुन्हा पडद्यावर आणला. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या टेरी कॅव्हनॉ यांचा २०१९ मध्ये निघालेला ‘डायसी डंजन्स’ हा त्यांतील विशेष लोकप्रिय खेळ. त्याची कथाही सूचक आहे : भाग्यदेवीच्या बक्षीस-कार्यक्रमात आलेले स्पर्धक फासे बनून तिच्या भुयारात अडकतात. प्रत्येक पाळीस फासे आधी पडतात व मग ते जवळच्या साधनांत घालावयाचे असतात. साधनांना अटी असतात. काही केवळ सम दान घेतात, काही तिनापर्यंतचेच, काहींना जोडदान लागते. काही साधने घाव घालीत नाहीत. दान एकाने वाढविणे, फासा उलटा करणे, एका फाशाचे दोन करणे, पुन्हा टाकणे एवढेच त्यांचे काम. पडशीत जागा थोडी आणि मोठी साधने दोन जागा अडवितात. ‘स्लाइस अँड डाइस’ या दुसऱ्या एका खेळात पात्रच फासा असते आणि साधन लाभले की त्याच्या एक वा अधिक बाजू बदलतात.

अशा खेळांत नवशिक्या खेळाडू मोठ्या आकड्याच्या साधनाकडे धावतो. थोडे गणित केले असता त्यातील चूक कळते. एक साधी तलवार दान पडेल तेवढा घाव घालते व एक परशू चारपर्यंतचेच दान घेऊन दुप्पट घाव घालतो, असे मानू. एकाच फाशावर तलवारीचा सरासरी घाव साडेतीन पडतो. परशूचा सव्वातीनहून किंचित अधिक, कारण पाच व सहा ही दाने वाया जातात. दिसावयास भारी असलेला परशू एकटा घेतल्यास तलवारीहून कमी पडतो. दोन्ही जवळ ठेवून चारपर्यंतचे दान परशूस व पुढचे तलवारीस दिले, की तोच एक फासा सरासरी पाचाहून अधिक घाव घालतो. साधनांची किंमत त्यांच्या जोडीत असते, सुट्या आकड्यात नसते. जोडदान मागणारे साधनही असेच. दोन फाशांवर ते सहा पाळ्यांत एकदाच चालेल, तीन फाशांवर नऊ पाळ्यांत चारदा, चार फाशांवर अठरांत तेरादा. डावाच्या आरंभी जे घेणे वेडेपणाचे, तेच फासे वाढल्यावर शहाणपणाचे ठरते. पुन्हा फासा टाकू देणारे साधन नवशिक्याला निरुपयोगी वाटते, कारण त्यावर घावाचा आकडा नसतो. परंतु तीन किंवा कमी पडल्यास एकदा पुन्हा टाकता आले, तर सरासरी दान साडेतीनवरून सव्वाचारावर जाते. शिवाय अटीच्या साधनांची अडचण कमी होते. सारीपाटावर सोंगट्या पसरून ठेवणाऱ्या खेळाडूची दृष्टी व ही दृष्टी यांत तत्त्वतः भेद नाही. कोणतेही दान फुकट जाऊ नये, हाच हिशेब दोहोंकडे आहे.

दैव, कौशल्य व कायदा : हा हिशेब केवळ करमणुकीपुरता राहत नाही. खेळात कौशल्य किती व दैव किती, यावरच भारतात त्याची वैधता दीर्घकाळ ठरत आली. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले होते. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या बक्षीसस्पर्धांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये जुगार हा व्यापार ठरत नाही, असे म्हटले व ज्यांत कौशल्याचा भाग भरीव आहे अशा स्पर्धा निराळ्या मानल्या. १९६८ मध्ये रमी हा पत्त्यांचा खेळ मुख्यतः कौशल्याचा ठरविला गेला. या निकालांच्या आधारावर पुढे भ्रमणध्वनीवर पैसे लावून खेळावयाच्या खेळांचा मोठा व्यवसाय उभा राहिला आणि त्यात बुडालेल्या कुटुंबांचा प्रश्नही. संसदेने २०२५ मध्ये केलेल्या ऑनलाईन खेळांविषयीच्या कायद्याने पैशांचे असे खेळ कौशल्याचे असोत वा दैवाचे, सरसकट निषिद्ध केले. दैव व कौशल्य यांतील सीमारेषा न्यायालयांनी सात दशके आखली. या कायद्याने तिच्यावर निर्णय अवलंबून ठेवण्याचेच सोडून दिले.

रोगसदृश खेळ सामान्यतः एकदा विकत घेऊन खेळले जातात. त्यांत पैज नसते, म्हणून ते या वादाबाहेर राहतात. मात्र साधननिवडीच्या याच आकर्षणाचा दुसरा उपयोग इतर व्हिडिओ खेळांनी केला. आत कोणते शस्त्र निघेल हे ठाऊक नसलेली बंद पेटी खऱ्या पैशांना विकण्याची प्रथा त्यांत रूढ झाली व तिचे गिऱ्हाईक पुष्कळदा अल्पवयीन मुले असत. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरविले. रोगच्या भुयारात झाकलेला काढा उचलणारा खेळाडू फार तर एक डाव गमावतो. पेटी विकत घेणारा मुलगा निवड करीतच नाही. तो घरच्या पैशांनी केवळ दान टाकत असतो.